आधी श्वास की आधी हृदय: हैदराबादचं क्लोरोफॉर्म कमिशन

१८८९ च्या ऑक्टोबरात लंडनचे डॉ. टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादला येऊन दाखल झाले, ते निजामाच्या पैशावर. 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या मातब्बर वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून धाडलं होतं आणि त्या खर्चासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड मोजले होते. त्या वेळी निजामाचं वय अवघं तेवीस. त्याच्या राज्यात आपला मराठवाडाही होता. म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्यातली एखादी कवडी या प्रयोगात गेली असणार, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

ब्रंटन ज्या प्रश्नासाठी समुद्र ओलांडून आले तो एका ओळीत मावणारा होता. क्लोरोफॉर्म देताना रोगी दगावतो तेव्हा त्याचा श्वास आधी बंद पडतो की हृदय?

हा काही पुस्तकी वाद नव्हता. श्वास आधी थांबत असेल तर भूल देणाऱ्याने छातीवर आणि तोंडावर नजर ठेवायची, श्वास अडखळला की क्लोरोफॉर्म काढून घ्यायचं आणि छाती दाबून-सोडून कृत्रिम श्वास सुरू करायचा. रोगी वाचतो. पण हृदय आधी थांबत असेल तर इशारा मिळायलाही वेळ नाही, आणि मिळाला तरी त्या काळी हातात उपाय काहीच नव्हता. भूल देणाऱ्याचं बोट नाडीवर हवं की डोळे छातीवर, याचा निकाल या एका उत्तरावर लागणार होता.

या भांडणाची मुळं चाळीस वर्षं मागे जातात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केलं आणि वेदनेविना शस्त्रक्रिया होऊ शकते हे भरल्या सभागृहात दाखवलं. वर्षभरात, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबराचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी दोन सहकाऱ्यांसह आपल्या घरच्या जेवणघरात क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं आणि तिघेही टेबलाखाली आडवे झाले. क्लोरोफॉर्म गोडसर वासाचं, थोडक्यात काम भागवणारं, झटपट भूल चढवणारं. ईथरसारखा खोकला नाही, ठसका नाही. काही आठवड्यांतच ब्रिटनभर त्याचा बोलबाला झाला.

आणि तिसऱ्याच महिन्यात पहिला बळी गेला. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या विन्लेटन गावात हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. आदल्या वर्षी असंच एक नख तिने ईथरखाली काढून घेतलं होतं. या वेळी ती घाबरलेली होती, रडत होती. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, रुमालावर क्लोरोफॉर्म शिंपडून नाकाशी धरलं, चीर दिली, आणि बघता बघता तिचे ओठ पांढरे पडले. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपलं. सिम्प्सन यांनी आपल्या औषधाची बाजू घेतली. शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात ब्रँडी आणि पाणी ओतलं गेलं, त्यानेच ती गुदमरली असं त्यांचं म्हणणं. आपल्या शोधावर आळ येऊ नये म्हणून मोठी माणसंही किती आटापिटा करतात याचा हा पहिला नमुना. शेवटचा नव्हे.

पुढे मतांचे दोन तट पडले. लंडनचे जॉन स्नो हे भूल देण्याचा हिशेब मांडणारे पहिले डॉक्टर. हवेत क्लोरोफॉर्मची वाफ शेकडा किती आहे हे त्यांना मोजून हवं असे. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं ते त्यांनीच. (सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरतो हे दाखवणारे तेच स्नो.) १८५८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी क्लोरोफॉर्मखाली झालेले पन्नास मृत्यू एकेक करून तपासले होते. निष्कर्ष असा की बहुतेकांत घात हृदयाचा झाला होता.

एडिंबराच्या जेम्स साइम यांना असली मोजमापं म्हणजे नसती उठाठेव वाटे. टॉवेलची घडी करा, त्यावर सढळ हाताने क्लोरोफॉर्म ओता, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीच्या नादी लागू नका. साइमचे जावई जोसेफ लिस्टर याच मताचे. एडिंबराच्या मुशीतून निघालेले सर्जन साम्राज्यभर पसरले आणि हा नियम बरोबर घेऊन गेले. इकडे लंडनमध्ये मृत्यूंची यादी वाढत राहिली. १८६४ मध्ये एका वैद्यकीय सभेची समिती बसली, १८८० मध्ये ग्लासगोच्या समितीचा अहवाल आला. ग्लासगोवाल्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून सांगितलं की क्लोरोफॉर्म हृदयाला दुबळं करतं आणि कधी कधी एकाएकी थांबवतंही.

हिंदुस्थानात मात्र क्लोरोफॉर्मला पर्याय नव्हता असं म्हटलं तरी चालेल. ईथर ३५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. दख्खनच्या उन्हाळ्यात बाटली उघडली की अर्धं ईथर खोलीभर, आणि ते पेट घेणारं. तेलाचे दिवे लावून शस्त्रक्रिया करायच्या त्या काळात कोण धोका पत्करणार? क्लोरोफॉर्म ६१ अंशांवर उकळतं, पेटत नाही, लहानशा बाटलीत मावतं. लष्करी सर्जनला आणखी काय हवं.

या पार्श्वभूमीवर एडवर्ड लॉरी हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन झाले. एडिंबरात साइमच्या हाताखाली तयार झालेले, लाहोरला शस्त्रक्रिया शिकवून आलेले, आणि आपल्या गुरूच्या मताला एका अक्षराचाही फाटा न देणारे. हैदराबाद मेडिकल स्कूल त्यांच्या देखरेखीखाली आलं. अफझलगंज रुग्णालयात रोज शस्त्रक्रिया होत आणि क्लोरोफॉर्म विद्यार्थी देत. लॉरींचा दावा असा की हजारो रोग्यांना साइमच्या पद्धतीने क्लोरोफॉर्म दिलं आणि एकही दगावला नाही. या दाव्यात बढाई होती असं मानायला जागा आहे, पण ते खोटारडे नव्हते. त्यांना आपलं म्हणणं मनापासून पटलेलं होतं. असा माणूस वादात जास्त अवघड जातो.

१८८८ मध्ये त्यांनी निजाम सरकारकडून पहिलं कमिशन नेमून घेतलं. शंभरावर कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आलं. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय त्यानंतरही काही मिनिटं चालत राहिलं. लॉरींच्या मते वाद मिटला. 'लॅन्सेट'ला तसं वाटलं नाही. युरोपातल्या नामांकित प्रयोगशाळांचे निष्कर्ष हैदराबादेतल्या भटक्या कुत्र्यांवरून मोडीत काढायचे का, असा त्याच्या लिखाणाचा सूर होता. लॉरींनी लगेच आव्हान दिलं. विश्वास नसेल तर तुमचा माणूस पाठवा, खर्च निजाम करतील. सरकारने पैसे देऊ केले आणि 'लॅन्सेट'ने ब्रंटनना निवडलं.

निवड चोख होती. ब्रंटन लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातले, औषधांच्या शरीरावरच्या क्रियेचे त्या काळचे अव्वल जाणकार. १८६७ मध्ये, एडिंबरात उमेदवारी करत असताना, हृदयशूळाने तळमळणाऱ्या रोग्याला त्यांनी अमिल नायट्राइट हुंगवलं होतं आणि वेदना मिनिटाभरात ओसरली होती. छातीतल्या त्या दुखण्यावरचा हा पहिला खात्रीचा उपाय. आज हृदयरोगी जिभेखाली जी गोळी ठेवतात ती त्याच कुळातली. हृदय आणि रक्तदाब यांची नस जाणणारा हा माणूस होता आणि क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालू शकतं असंच तोवर मानत होता. लॉरींच्या बाजूने झुकलेला पंच म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं.

दुसऱ्या कमिशनचं काम ऑक्टोबरात सुरू झालं ते डिसेंबरपर्यंत चाललं. लॉरी अध्यक्ष. सोबत ब्रंटन, भारतीय वैद्यकीय सेवेतले जेराल्ड बोमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी. चारशेहून अधिक प्राणी वापरले गेले: कुत्री मुख्यतः, शिवाय माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं आणि ससे. मेडिकल स्कूलचे विद्यार्थी हाताशी होते. त्यांत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. मेडिकल स्कूलमध्ये स्त्रियांची जी पहिली तुकडी घेतली गेली त्यातली ही. पुढे तिने हैदराबादच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं भूल दिली आणि जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. 'लॅन्सेट'च्या पानांवर गाजलेल्या या वादात प्रत्यक्ष राबणारे हात बरेचसे असे इथले होते.

प्रयोग कसा व्हायचा ते पाहण्यासारखं आहे. कुत्र्याला टेबलावर उताणं बांधायचं. मानेतली रोहिणी उघडून तिच्यात नळी बसवायची आणि ती दाबमापकाला जोडायची. दाबमापकाची लेखणी फिरत्या पिंपावरच्या कागदावर टेकलेली, त्यामुळे हृदयाचा प्रत्येक ठोका तिथे एक दात उमटवतो आणि सरासरी दाब किती तेही दिसतं. मग कापडाचा शंकू नाकातोंडावर. भूल चढते तसतशी रेघ हळूहळू खाली उतरू लागते. क्लोरोफॉर्म तसंच चालू ठेवलं तर श्वास उथळ होतो, विरळ होतो, थांबतो. रेघेवरचे दात मात्र अजून उमटत असतात, लहान, पण नियमित. या क्षणी कृत्रिम श्वास दिला तर रेघ पुन्हा वर चढते. नाही दिला तर काही मिनिटांनी दातही नाहीसे होतात.

त्यांनी हे नाना परींनी करून पाहिलं. हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू विजेने चेतवला, काही प्राण्यांचं हृदय आधीच विषाने कमकुवत केलं, गळा आवळून गुदमरवलं, आधी इतर औषधं टोचली. नोंदींची छायाचित्रं काढून ठेवली. आणि दरवेळी तेच उत्तर. डिसेंबरात ब्रंटननी 'लॅन्सेट'ला तार केली: धोका गुदमरण्याचा आणि जास्त मात्रेचा, थेट हृदयाला काहीही नाही. ज्या माणसाचं मत उलट होतं त्याने जागच्या जागी मत फिरवलं होतं. लॉरींचा विजय याहून मोठा काय असणार?

१८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अहवाल छापून आला. त्यातल्या सूचना व्यवहारी होत्या. रोगी आडवा असावा, बसवलेला नसावा. छाती-पोटावर कपडा आवळलेला नसावा. श्वास मोकळा आहे याची सतत खात्री करावी. नाडीवरून अंदाज बांधू नये. श्वास थांबला तर क्षणाचाही विलंब न लावता कृत्रिम श्वास सुरू करावा. हे पाळलं तर क्लोरोफॉर्म पूर्णपणे निर्धोक, असं ठाम आश्वासनही होतं. त्या आश्वासनानेच घात केला.

टीका लगेच सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनचे जॉन मॅकविल्यम यांनी त्याच वर्षी प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्मने हृदय थेट फुगतं आणि त्याचं बळ कमी होतं. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी १८९३ मध्ये मुळावरच घाव घातला. कमिशनचं म्हणणं होतं की रक्तदाब उतरतो तो मेंदूतल्या नियंत्रक केंद्रामुळे, हृदयामुळे नव्हे. या दोघांनी दोन प्राण्यांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं, जेणेकरून एकाच्या मेंदूत क्लोरोफॉर्मचं रक्त जाईल पण हृदयात जाणार नाही, आणि उलट. मेंदूत गेलं तर दाब पडत नव्हता, हृदयात गेलं की पडत होता. त्याच साली 'लॅन्सेट'ने देशोदेशीच्या रुग्णालयांतले भुलीखालचे मृत्यू गोळा करून मोठी पाहणी छापली. तीत क्लोरोफॉर्मचं पारडं ईथरपेक्षा स्पष्टपणे वाईट ठरलं. ज्या नियतकालिकाने हैदराबादचा अहवाल गाजवला त्यानेच तीन वर्षांत त्याच्या आश्वासनाला छेद दिला, ही गोष्ट 'लॅन्सेट'च्या खात्यात जमा करायला हवी.

लॉरी बधले नाहीत. रोग्यांचे मृत्यू होतात ते तुम्ही श्वास नीट पाहत नाही म्हणून, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हे उत्तर खोडता येणारं नव्हतं, कारण कुठल्याही मृत्यूला ते लागू पडे.

मग हैदराबादच्या टेबलावर चुकलं काय? नोंदी खोट्या नव्हत्या, माणसं अडाणी नव्हती, प्राणी थोडे नव्हते. उत्तर यायला आणखी वीस वर्षं लागली. लंडनचे भूलतज्ज्ञ आल्फ्रेड गुडमन लेव्ही मांजरांवर प्रयोग करत होते. तोवर ॲड्रेनलिन, म्हणजे भीतीच्या वेळी शरीर स्वतःच रक्तात सोडतं ते द्रव्य, शुद्ध रूपात हाती आलं होतं. लेव्हींनी मांजराला क्लोरोफॉर्म दिलं, पण भूल गाढ होऊ दिली नाही, आणि त्या अर्धवट अवस्थेत शिरेतून ॲड्रेनलिन टोचलं. दाबाची रेघ उंच उसळली आणि एकदम शून्यावर आली. मधली उतरंडच नाही. छाती उघडून पाहिलं तर हृदयाच्या कप्प्यांचे स्नायू एका तालात आकसण्याऐवजी वळवळत होते. मॅकविल्यम यांनी पूर्वीच वर्णन केलेलं हे वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. १९११ मध्ये लेव्हींनी निष्कर्ष मांडला आणि हृदयाच्या विद्युतलेखाचे जाणकार टॉमस लुइस यांच्यासोबत तो पक्का केला. ॲड्रेनलिन बाहेरून टोचायलाच हवं असंही नव्हतं. भूल मध्येच बंद करून पुन्हा सुरू केली, प्राणी धडपडला, अर्धवट भुलीत त्याला वेदना झाली, तरी हेच घडू शकत होतं.

इथे सगळी कोडी एकदम सुटतात. हैदराबादेत त्यांनी कुत्र्यांना गाढ, अति गाढ भूल देऊन मारलं. तसं मारलं तर श्वास आधी थांबतोच. कमिशन खोटं बोललं नाही. पण रुग्णालयात माणसं मरत होती ती बहुतांशी अति मात्रेने नव्हे. ती मरत होती सुरुवातीलाच, भूल अजून वरवरची असताना, भेदरलेली, हातपाय झाडणारी, ज्यांच्या रक्तात भीतीने स्वतःचंच ॲड्रेनलिन उसळलेलं होतं. टेबलावर घट्ट बांधलेल्या, गाढ भुलीत गेलेल्या प्राण्यात हा मृत्यू दिसण्याची शक्यता फार थोडी. चारशे काय, चार हजार कुत्री घेतली असती तरी त्या पद्धतीने तो सापडला नसता. विन्लेटनची ती रडणारी मुलगी नखासाठी खुर्चीत बसली होती, चीर द्यायच्या वेळी तिची भूल उथळच होती. लेव्हींच्या चौकटीत ती चपखल बसते.

लॉरींना एकही मृत्यू पाहावा लागला नाही, हा दावा मोठ्या अंशी खरा असेल, तर त्याचं कारणही यातच मिळतं असं मला वाटतं. साइमची पद्धत म्हणजे सढळ हाताने, न थांबता, झटकन गाढ भुलीत नेणं. धोक्याच्या उथळ टप्प्यात रोगी फार वेळ राहतच नाही. लेव्हींनीही शेवटी व्यवहारात हेच सुचवलं की क्लोरोफॉर्म वापरायचंच तर अखंड द्यावं, थांबत-चुकत देऊ नये. लॉरींची पद्धत बऱ्यापैकी बरोबर होती आणि तिचं त्यांनी दिलेलं कारण साफ चूक होतं. लंडनचे डॉक्टर मात्र मृत्यूच्या धास्तीने थोडं थोडं, अडखळत देत आणि नेमक्या त्या सापळ्यात सापडत.

परिणाम काय झाले ते सरळ आहेत. हैदराबादच्या अहवालाने क्लोरोफॉर्मला आणखी बरीच वर्षं आयुष्य मिळालं. निर्धोक म्हणून दिलेल्या दाखल्यावर विश्वास ठेवून अनेकांनी हृदयाकडे डोळेझाक केली आणि त्याची किंमत रोग्यांनी मोजली. लेव्हींचं म्हणणंही डॉक्टरांच्या गळी सहज उतरलं नाही. अर्धवट भुलीत कुणी मरतं, हे साऱ्या अनुभवाच्या विरुद्ध वाटे; कमी मात्रा म्हणजे कमी धोका अशीच सर्वांची समजूत होती. हैदराबादेतल्या ज्या अफझलगंज रुग्णालयात हे नाट्य घडलं त्याचीही धडगत नव्हती. सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात ते वाहून गेलं. पुढे नदीकाठी उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं.

पण कमिशनच्या पदरात एक गोष्ट टाकायला हवी. निजामाच्या पैशातून त्यांनी नुसते निष्कर्ष छापले नाहीत, रेघोट्यांसकट नोंदीही जगापुढे मांडल्या. गॅस्केल आणि शोर यांना खोट काढता आली ती यामुळेच. श्वासाबद्दलचा धडाही टिकला. रोगी आडवा ठेवा, श्वासमार्ग मोकळा ठेवा, छातीवरून नजर हलवू नका, हे आजही कुठल्याही शस्त्रक्रियागृहात पहिलं शिकवलं जातं. फरक इतकाच की आता शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारा पडदाही चालू असतो.

क्लोरोफॉर्म विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भूलतज्ज्ञांच्या पेटीतून नाहीसं झालं, ॲड्रेनलिनचा प्रश्न नाही. १९५६ मध्ये आलेलं हॅलोथेनही हृदयाला ॲड्रेनलिनच्या बाबतीत हळवं करत असे. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून सर्जन जखमेभोवती ॲड्रेनलिन टोचू लागला की किती टोचताय हे भूल देणाऱ्याने आधी विचारायचं, ही सावधगिरी त्या औषधाच्या पहिल्या दिवसापासून पाळावी लागली.